बाजारातल्या तुरी आणि गेलेला बैल

२३ सप्टेंबर २०११ रोजी जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत काही भौतिकशास्त्रज्ञांनी एक मोजमाप जगापुढे ठेवलं. सर्नमधून निघालेले न्यूट्रिनो, म्हणजे दगडमातीतूनही आरपार जाणारे अतिसूक्ष्म कण, जमिनीखालून सुमारे ७३० किलोमीटर जाऊन इटलीतल्या ग्रान सासो डोंगराखालच्या यंत्रात नोंदले जात होते, आणि प्रकाशाला जितका वेळ लागला असता त्यापेक्षा ६० नॅनोसेकंद (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग) आधी पोचत होते. प्रकाशापेक्षा वेगाने काहीच जाऊ शकत नाही, असं तर आइनस्टाइन सांगून गेला होता. ऑपेरा नावाच्या या गटाने सोबत हेही सांगितलं, की आम्ही कित्येक महिने चूक शोधतोय, सापडत नाही, आता तुम्हीही शोधा. वाचणाऱ्यांनी पहिली गोष्ट उचलली आणि दुसरी तिथेच सोडली. 'आइनस्टाइन चुकला!' हे त्या दिवशी किती भाषांत आणि किती आनंदाने म्हटलं गेलं असेल, देव जाणे. मीही म्हटलं. भौतिकशास्त्राचं पुस्तक मिटून वर्षं लोटली होती, तरी मित्राला फोन करून बातमी दिली. तो शांतपणे म्हणाला, "बरं, मग आता काय बदलेल?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. उत्साह भरपूर होता.

पुढच्या फेब्रुवारीत गोम सापडली. जीपीएसकडून येणारा वेळेचा संकेत मुख्य घड्याळापर्यंत आणणारी ऑप्टिकल फायबरची केबल नीट बसलेली नव्हती. घड्याळातही थोडा दोष होता. जूनपर्यंत नवी मोजमापं आली आणि न्यूट्रिनो मुकाट्याने मर्यादेत राहिले. मग त्याच तोंडांनी दुसरा निकाल दिला: 'यांना साधी केबल खोचता येत नाही, आणि निघाले विश्वाचं कोडं सोडवायला!' हेही मी म्हटलं असावं. आठवत नाही, पण म्हटलं असणारच.

वाचकांच्या अशा प्रतिक्रियांना हसणं सोपं असतं. शास्त्रज्ञ हसतात, आणि शास्त्रज्ञांपेक्षा विज्ञानप्रेमी जरा जास्तच हसतात. मला तसं हसायचं नाही. प्रतिक्रिया देण्यात काही वावगं आहे असं मला वाटत नाही. ती कुठे द्यायची याची मात्र आपण अदलाबदल करून बसलो आहोत. ज्या बातमीपुढे थांबून वाट बघायला हवी, तिथे आपण निकाल देतो. ज्या बातमीवर पहिल्याच दिवशी आवाज चढवायला हवा, तिथे 'काळाबरोबर चालावं लागतं' असं पुटपुटून पान उलटतो. ढोबळपणे पहिल्या प्रकारात विज्ञानाच्या बातम्या येतात, दुसऱ्यात तंत्रज्ञानाच्या. 'विज्ञान-तंत्रज्ञान' या जोडशब्दाने दोघींना एकाच पानावर जुळ्या बहिणींसारखं बसवलंय, त्यामुळे कोणाशी कसं वागायचं हे कळेनासं झालंय.

आधी विज्ञानाचं बघू. शोधनिबंध वाचताना त्याचा सूर ऐकू आला पाहिजे. 'आम्हाला असं दिसलं, तुम्हालाही दिसतंय का?' असा तो सूर असतो. बातमीत येईपर्यंत त्यातलं प्रश्नचिन्ह गळून पडतं. ऑपेराची बातमी आल्यावर अनेक भौतिकशास्त्रज्ञांनी केलेली पहिली गोष्ट मला फार आवडते. त्यांनी १९८७ साली दिसलेल्या एका ताऱ्याच्या स्फोटाकडे बोट दाखवलं. तो तारा सुमारे १,६८,००० प्रकाशवर्षं दूर होता. ऑपेराच्या न्यूट्रिनोंइतकाच वेग त्या ताऱ्यातून निघालेल्या न्यूट्रिनोंनी घेतला असता, तर ते प्रकाशाच्या चार वर्षं आधी पृथ्वीवर आले असते. प्रत्यक्षात आले ते काही तास आधी. तेही प्रकाशाला ताऱ्याच्या पोटातून बाहेर पडायला उशीर लागला म्हणून. हा हिशोब शाळकरी गुणाकार-भागाकाराचा आहे. त्याने ऑपेरा खोटं ठरत नव्हतं, कारण त्या न्यूट्रिनोंची ऊर्जा वेगळी होती, पण भुवया उंचावायला तेवढं पुरे होतं. थांबणं म्हणजे हातावर हात ठेवून बसणं नव्हे. नवी गोष्ट जुन्या गोष्टींशेजारी ठेवून बघायची आणि पुढच्या खबरीची वाट पाहायची.

ती वाट बघण्याची सवय आपल्याला नाही. जुलै २०२३ मध्ये दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी एलके-९९ नावाचा पदार्थ साध्या तापमानाला आणि साध्या दाबाखाली अतिवाहक होतो, म्हणजे विजेला जराही रोध करत नाही, असा दावा केला. निबंध अजून कोणी तपासलेले नव्हते. सोबत चुंबकावर अर्धवट तरंगणाऱ्या काळपट तुकड्याचा व्हिडिओ होता. तेवढ्यावर चार दिवसांत लोकांनी तरंगत्या रेल्वेगाड्या धावायला लावल्या, विजेची गळती शून्यावर आणली, कुठल्या कंपनीचे शेअर घ्यायचे हेही ठरवलं. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, ती अशी. महिनाभरात जगभरच्या प्रयोगशाळांनी तो पदार्थ घडवून पाहिला. विजेचा रोध एकदम घसरत होता तो तांब्याच्या सल्फाइडच्या भेसळीमुळे. १०४ अंश सेल्सिअसच्या आसपास त्या सल्फाइडची रचनाच बदलते. तरंगणं हे साध्या चुंबकत्वाचं काम होतं. हे उलगडणारं काम इतकं चोख होतं की खरी बातमी तीच होती. ती किती जणांनी वाचली?

'काल एक सांगतात, आज एक' ही तक्रार इथूनच जन्मते. तक्रार खोटी नाही, पण तिचा पत्ता चुकलेला असतो. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने प्रक्रिया केलेलं मांस पहिल्या गटात टाकलं. त्याच गटात तंबाखू आहे. लगेच 'मांस सिगारेटइतकंच घातक' असं सगळीकडे झालं. त्या गटाचा अर्थ मात्र एवढाच, की या गोष्टीने कर्करोग होतो याचा पुरावा पक्का आहे. किती होतो, हे तो गट सांगतच नाही. रोज ५० ग्रॅम खाल्ल्याने आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो, असा आकडा सोबत होता. समजा, शंभरातल्या पाच जणांना आयुष्यात कधीतरी हा आजार होणार असेल, तर पाचाचे १८ टक्के म्हणजे एकालाही थोडं कमी. पाचाचे सुमारे सहा झाले. सहावा माणूस कोणाचा तरी बाप किंवा बहीण असतो, म्हणून तो आकडा क्षुल्लक नाही. पण सिगारेटची गोष्ट वेगळी आहे. टक्केवारी ऐकली की 'कशाचे टक्के?' असं विचारायचं एवढं तरी शाळेने आपल्या अंगी भिनवायला हवं होतं.

प्लूटोबद्दलच्या हळहळीवर मी वेळ घालवत नाही. २००६ मध्ये ग्रहाची व्याख्या बदलली. गोळा होता तिथेच फिरतोय.

आता एक प्रतिक्रिया अशी आहे, जिचा मला आदर वाटतो: 'याचा उपयोग काय? एवढा पैसा भुकेल्यांवर खर्च केला असता तर?' विज्ञानप्रेमींना हा प्रश्न अडाणीपणाचा वाटतो. १९७० साली झांबियात काम करणाऱ्या एका ननने तो नासातल्या अर्न्स्ट स्टूलिंगर यांना पत्राने विचारला होता: मुलं उपाशी मरत असताना मंगळाच्या प्रवासावर अब्जावधींचा खर्च तुम्ही सुचवूच कसा शकता? स्टूलिंगर यांनी सविस्तर उत्तर लिहिलं. त्यात एका जुन्या जर्मन सरदाराची गोष्ट होती. तो गोरगरिबांना मदत करायचा, पण भिंगं घासत बसणाऱ्या एका माणसालाही त्याने पदरी ठेवलं म्हणून लोक नाराज झाले, आणि पुढे त्याच खटाटोपातून सूक्ष्मदर्शक आला. गोष्ट पटो वा न पटो. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की तीच प्रतिक्रिया प्रश्न म्हणून, योग्य पत्त्यावर गेली, तेव्हा तिला उत्तर मिळालं. आपण तीच उद्गारचिन्ह लावून हवेत सोडतो.

'उपयोग काय' याचं माझं आवडतं उत्तर मात्र अंतराळातलं नाही, ते शिशाचं आहे. तिथूनच माझ्या म्हणण्याचा दुसरा अर्धा भाग सुरू होतो.

१९२१ च्या डिसेंबरमध्ये जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली यांना आढळलं, की पेट्रोलमध्ये शिशाचं एक संयुग थोडंसं मिसळलं तर इंजिनाची ठोके मारल्यासारखी खडखड थांबते. शिसं विषारी आहे हे तेव्हा नवं नव्हतं, प्राचीन काळापासून माहीत होतं. अल्कोहोल मिसळूनही खडखड थांबते, हेही माहीत होतं. तरी १९२३ मध्ये शिशाचं पेट्रोल विक्रीला आलं. त्या वर्षाच्या सुरुवातीला स्वतः मिजली शिशाच्या विषबाधेतून सावरण्यासाठी रजेवर होते, हा तपशील मी कधी विसरू शकत नाही. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या एका तेलशुद्धीकरण कारखान्यात हे संयुग बनवणारे कामगार भ्रमिष्ट झाले, हवेतल्या नसलेल्या गोष्टींना हात घालू लागले. पाच जण मेले. वर्तमानपत्रांनी त्याला 'वेड लावणारा वायू' असं नाव दिलं. वाचक खवळले. न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, न्यू जर्सी इथे बंदी आली. तेव्हा मिजली यांनी पत्रकारांपुढे ते द्रव्य हातांवर ओतून घेतलं आणि मिनिटभर हुंगून दाखवलं.

या सगळ्यात शहाणं कोण होतं? रसायनशास्त्राचा गंध नसलेला, पेपर वाचून चिडलेला माणूस. त्याची चीड कच्ची होती, ऐकीव होती, मथळ्यावर पोसलेली होती आणि बरोबर होती. ॲलिस हॅमिल्टन आणि यँडेल हेंडरसन यांच्यासारखे जाणकार तेच शांत आवाजात सांगत होते. मे १९२५ मध्ये वॉशिंग्टनमध्ये बैठक झाली. उद्योगाच्या बाजूने कोणी या द्रव्याला देवाची देणगी म्हटलं. विक्री काही काळ थांबली, एक समिती नेमली गेली. १९२६ मध्ये समितीने सांगितलं, की बंदी घालण्याजोगं कारण सध्या दिसत नाही, पण पुढे अभ्यास चालू ठेवा. वाचकाने पुन्हा पहिलं वाक्य घेतलं. 'कारण दिसत नाही' याचं 'धोका नाही' झालं, आणि ज्या अभ्यासाची शिफारस होती तो पुढची कित्येक दशकं बहुतांशी उद्योगाच्याच पैशावर, उद्योगाचेच वैद्यकीय सल्लागार रॉबर्ट किहो यांच्या देखरेखीखाली चालला. ओरड विरली. लोक गाड्या भरून घेऊ लागले.

आणि आता तो 'उपयोग'. क्लेअर पॅटरसन नावाच्या भूरसायनशास्त्रज्ञाला पृथ्वीचं वय काढायचं होतं. याहून निरुपयोगी प्रश्न शोधून सापडणार नाही. पृथ्वी चारशे कोटी वर्षांची असो की पाचशे, कोणाचं काय अडलंय? ॲरिझोनातल्या उल्केतल्या शिशाची समस्थानिकं (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) मोजून त्यांनी १९५६ मध्ये ४५५ कोटी वर्षं हा आकडा दिला. तो काढताना मात्र ते रडकुंडीला आले होते, कारण नमुन्यात जिथेतिथे उपरं शिसं घुसत होतं: भांड्यांतून, हवेतून, त्यांच्याच केसांतून. प्रयोगशाळा घासूनपुसून निर्मळ केली तेव्हा कुठे मोजणी जमली. मग प्रश्न पडला, एवढं शिसं आलं कुठून? समुद्राच्या पृष्ठभागावरचं पाणी, खोल पाणी असं तपासत ते पेट्रोलपाशी पोचले, आणि १९६५ मध्ये त्यांनी लिहिलं, की माणसाच्या शरीरातलं आजचं 'सामान्य' शिसं मुळीच नैसर्गिक नाही. अमेरिकेत शिशाचं पेट्रोल कमी होत गेलं तशी तिथल्या लोकांच्या रक्तातली शिशाची पातळी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९९० च्या सुमारापर्यंत ७८ टक्क्यांनी उतरली. (कशाचे टक्के? रक्ताच्या दर डेसिलिटरमागे सरासरी १२.८ मायक्रोग्रॅम होतं, ते २.८ झालं.) जगातल्या शेवटच्या पंपावर, अल्जीरियात, हे पेट्रोल बंद झालं ते २०२१ मध्ये. पहिल्या ओरडीनंतर जवळजवळ शंभर वर्षांनी. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात. इथे तर गोठ्याच्या गोठा रिकामा झाला होता.

यावर रास्त आक्षेप असा: म्हणजे तंत्रज्ञानाची नवी बातमी आली की घाबरून आरडाओरड करायची? मग लशींचं काय? १९९८ मध्ये अवघ्या १२ मुलांवरच्या निबंधाने गोवर-गालगुंड-रुबेला लशीचा संबंध स्वमग्नतेशी जोडला. निबंध सदोष आणि अप्रामाणिक होता, २०१० मध्ये तो मागे घेतला गेला. पण दरम्यान घाबरलेल्या आईबापांनी लस टाळली आणि गोवर परत आला. तिथेही लोकांनी आवाजच चढवला होता ना?

हा आक्षेप मला बराच काळ छळत होता. मार्ग सापडला तो पुन्हा मिजलींच्याच दुसऱ्या कामगिरीत. या एका माणसाकडे नियतीने जास्तच लक्ष दिलेलं दिसतं. फ्रीजमध्ये वापरायचे क्लोरोफ्लुरोकार्बन वायूही त्यांच्याच गटाने घडवले, आणि १९३० मध्ये छातीत तो वायू भरून घेऊन फुंकरीने मेणबत्ती विझवून त्यांनी तो निर्धोक असल्याचं दाखवलं. या वेळी ते खरं होतं: श्वासात गेला तरी तो वायू विषारी नव्हता. तोच पुढे फवाऱ्याच्या डब्यांत आला. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलँड या रसायनशास्त्रज्ञांनी कागदावर गणित मांडलं, की हे वायू वर जाऊन ओझोनचा थर खातील. ओझोनला भोक पडल्याचं कोणी पाहिलेलं नव्हतं. ते दिसलं १९८५ मध्ये. म्हणजे माझ्याच नियमाने वाचकांनी थांबायला हवं होतं. ते थांबले नाहीत. अमेरिकेतल्या असंख्य गिऱ्हाइकांनी कायदा यायच्या आधीच फवाऱ्याचे डबे घेणं कमी केलं. १९७८ मध्ये तिथे बंदी आली, १९८७ मध्ये माँट्रियलचा करार झाला.

त्यांना क्लोरीनच्या अणूचं रसायन कळलं होतं असं नाही. पण न कळताही एक हिशोब त्यांनी अचूक केला. हे गणित चुकीचं निघालं, तर माझं काय गेलं? डब्याऐवजी पंपाची बाटली वापरली, एवढंच. आणि बरोबर निघालं, तर? लशीच्या बाबतीत तोच हिशोब उलटा पडतो. शंका खोटी निघाली तर किंमत मोजणार गोवर झालेलं मूल, आणि शंकेच्या बाजूला होती १२ मुलं, लशीच्या बाजूला कोट्यवधी टोचण्या. शिशाच्या बाबतीत शंकेच्या बाजूला होते मेलेले कामगार, आणि दुसऱ्या बाजूला स्वतःच रजेवर जाऊन आलेला संशोधक. आवाज चढवायचा की थांबायचं, हे बातमी किती खळबळजनक आहे यावर ठरत नाही. चूक झाली तर ती कोणाच्या अंगावर येणार, मागे फिरता येईल का, आणि तपासणाऱ्याचा पगार कोण देतो, एवढं विचारलं तर रसायन न शिकलेल्या माणसालाही पुष्कळ उजेड पडतो. माझ्या मित्राचा तो थंड प्रश्न, 'मग आता काय बदलेल?', हाही त्याच घराण्यातला. न्यूट्रिनोंच्या बाबतीत माझ्यापुरतं उत्तर 'काही नाही' होतं, म्हणून मला खुशाल नऊ महिने थांबता आलं असतं.

एवढं कळूनही आपण तंत्रज्ञानापुढे गप्प का असतो? मला वाटतं, विज्ञानाची बातमी दूरची असते म्हणून तिच्यावर बोलणं फुकटचं असतं. कृष्णविवराबद्दल काहीही बोला, सकाळी उठून काही करावं लागत नाही. तंत्रज्ञानाची बातमी खिशातल्या फोनची असते. तिच्यावर बोललो तर पुढचा प्रश्न येतो, मग तू ते वापरणं सोडणार का? सोडायचं तर नसतं. म्हणून 'माझ्याकडे लपवण्यासारखं आहेच काय' हे वाक्य आपण तयार ठेवतो. २०१८ मध्ये फेसबुकने कबूल केलं, की ८.७ कोटींपर्यंत लोकांची माहिती केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय प्रचाराचा सल्ला देणाऱ्या कंपनीकडे गेली असावी. लोक चार दिवस हादरले आणि पाचव्या दिवशी फोटो टाकू लागले. 'सगळं मान्य आहे' हे बटण दाबताना आपण जितका कमी वेळ घेतो, तितका कमी वेळ आपण बाकी कुठल्याच कागदावर सही करताना घेत नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या बातम्यांत तर दोन्ही बहिणी एकाच पदराखाली येतात आणि आपली अदलाबदल उघडी पडते. जून २०२२ मध्ये गूगलमधल्या एका अभियंत्याने सांगितलं, की लॅम्डा हे तिथलं संभाषण करणारं यंत्र सजीवासारखं जाणीव बाळगून आहे. यावर रात्र रात्र वाद झाले. यंत्राला आत्मा असतो का, ते दुखावलं जातं का, उद्या ते आपल्यावर राज्य करेल का. त्याच्या दीड वर्ष आधी, जानेवारी २०२१ मध्ये, नेदरलँड्सचं सरकार राजीनामा देऊन बाहेर पडलं होतं. मुलांच्या संगोपनासाठी मिळणारा भत्ता लबाडीने घेतला, असा ठपका तिथल्या कर खात्याने हजारो कुटुंबांवर चुकीने ठेवला आणि पैसे परत मागितले. लोक कर्जात बुडाले, काहींची घरं गेली. कोणाचा अर्ज संशयित धरायचा हे सुचवायला खात्याकडे एक संगणकीय प्रणाली होती, आणि अर्जदार डच नागरिक आहे की नाही हा त्या प्रणालीच्या हिशोबातला एक घटक होता. ती २०१३ पासून वापरात होती. तिला जाणीव होती का, हे कोणीच विचारलं नाही. ती कोणाला, कशावरून संशयित धरते, हेही कित्येक वर्षं फारसं कोणी विचारलं नाही.